पिस्तो म्हणजे भाजी, पैसे की दारू? स्पॅनिश बोलीतले शब्द आणि त्यांचे देशोदेशीचे अर्थ

कोरीपाटी (प्रश्न)

जाणकारांसाठी प्रश्न आहे. जरा लांबलाय, पण उदाहरणांशिवाय नीट मांडता येत नाही.

मी स्पॅनिश शिकले ती स्पेनमध्ये छापलेल्या पुस्तकांवरून. बी-२ ची परीक्षा झाली आहे, व्याकरण पक्कं आहे, बातम्या ऐकून समजतात. सध्या ग्राहकसेवेत आहे, सगळं काम लेखी चॅटवर. समोरचा माणूस ग्वातेमालाचा, मेक्सिकोचा, डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा, चिलीचा, कुठलाही असू शकतो. स्पेनचं मात्र जवळजवळ कुणीच नसतं.

आता ‘पिस्तो’ घ्या. माझ्या पुस्तकात ती ला मांचाकडची टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा वगैरे घालून मंद शिजवलेली भाजी आहे. ग्वातेमालाच्या एका ग्राहकाने लिहिलं, ‘नो मे आल्कान्सा एल पिस्तो’, म्हणजे पिस्तो पुरत नाहीये. तो हप्त्याबद्दल बोलत होता, त्यामुळे पैसे हा अर्थ उघड होता. त्याच आठवड्यात टीममधल्या मेक्सिकन सहकाऱ्याने शुक्रवारी रात्री पिस्तोचा बेत आहे असं सगळ्यांना कळवलं. तो दारूचा बेत होता!

तेव्हापासून मी वहीत देशवार याद्या करायला घेतल्या आहेत. नुसत्या पैशालाच स्पेनमध्ये ‘पास्ता’, मेक्सिकोत ‘लाना’ म्हणजे लोकर, आर्जेन्टिनात ‘गिता’, पोर्तो रिकोत ‘चावोस’. आणि ‘चावो’ मेक्सिकोत पोरगा! वही भरत चाललीय आणि मला मात्र रोज नवीन शब्द अडतोय.

विचारायचंय ते हे, की या सगळ्या देशांत चालेल अशी ‘लॅटिन अमेरिकन’ बोली म्हणून काही आहे का? नसेल तर आधी कुठल्या देशाची शिकावी? आणि तुम्ही लोक हे सगळं डोक्यात कसं ठेवता?

---

उपशीर्षक

कोरीपाटी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. सगळीकडे चालणारी बोली नाही. सगळीकडे चालणारी स्पॅनिश आहे, पण ती बोली नव्हे. वही बंद करू नका, फक्त तिच्यात काय लिहायचं ते बदला असं सुचवेन.

मी स्पॅनिश मालिकांच्या सबटायटल्सचं काम करते, त्यातही इतरांचं भाषांतर तपासायचं. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला ‘कोहेर’ची गोष्ट आधीच माहीत असते. स्पेनमध्ये बस ‘कोहेर’ करतात म्हणजे पकडतात, मेक्सिको आणि आर्जेन्टिनात ते क्रियापद संभोगासाठी वापरतात. तसाच ‘कोंचा’. स्पेनमध्ये तो शिंपला, कोन्सेप्सियोन नावाच्या बाईचं घरगुती नाव, सान सेबास्तियानच्या किनाऱ्याचं नाव. मेक्सिकोत वर साखरेची नक्षी असलेला गोड पाव. आणि आर्जेन्टिना, चिली, पेरूमध्ये स्त्रीच्या गुप्तांगासाठीचा शिवीतला शब्द. हे शब्द सगळ्यांच्या तोंडी असतात कारण त्यांच्यावर हसता येतं. भाषांतरात त्यांच्यामुळे फारसं बिघडत नाही. चुकीचा अर्थ लावला की वाक्यच विचित्र दिसतं, माणूस थबकतो, शोधतो, दुरुस्त करतो.

बिघडवतात ते शब्द ज्यांचे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात बिनतक्रार बसतात. तिथे कुणी थबकतच नाही.

‘दामे उन पितियो’. स्पेनमध्ये म्हटलं तर मला एक सिगारेट दे. कोलंबियात म्हटलं तर शीतपेय प्यायची नळी दे. दोन्ही हॉटेलातल्या टेबलावर शोभतात.

‘येगारोन लोस क्विकोस’. मेक्सिकोत पोलीस आले, चिलीत ती श्रीमंत, तोऱ्यात राहणारी मंडळी आली.

‘कोंप्रे उन कोचे’. मेक्सिकोत आणि स्पेनमध्ये गाडी घेतली, ग्वातेमालात डुक्कर घेतलं. शेतकरी कुटुंबाच्या गोष्टीत दोन्ही अगदी शक्य आहेत.

‘या व्येने ला ग्वाग्वा’. क्यूबात, पोर्तो रिकोत, कॅनरी बेटांवर बस येतेय. चिलीत बाळ होऊ घातलंय.

‘तोमे उन कोलेक्तिवो’. आर्जेन्टिनातल्या ब्वेनोस आयरेसमध्ये बसने गेलो, चिलीतल्या सांतियागोत ठरलेल्या मार्गावरच्या शेअर टॅक्सीने. ‘तिंतो’ घेणार का विचारलं तर स्पेनमध्ये रेड वाइन, कोलंबियात काळी कॉफी. ‘तोर्ता’ खाल्ला म्हणजे मेक्सिकोत भरलेला पाव आणि चिली-आर्जेन्टिनात केक.

तुमच्या वहीत हे शब्द हवेत. कोहेर तुम्हाला आयुष्यभर लक्षात राहणार आहे, त्याला पान कशाला द्यायचं?

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा शब्द: ‘पेन्देहो’. मूळ अर्थ जांघेतला केस. मेक्सिकोत त्याचा अर्थ मूर्ख, तोही चांगला झोंबेल असा. आर्जेन्टिनात पोरगा, पोरसवदा माणूस. बोलणाऱ्याच्या सुराप्रमाणे कधी तुच्छतेने, कधी नुसताच. पेरूत लबाड, चलाख, दुसऱ्याला गुंडाळून स्वतःचं साधून घेणारा, आणि त्या म्हणण्यात बरेचदा कौतुकाचा अंश असतो. एक पात्र दुसऱ्याकडे बघून म्हणतं, ‘एसे एस ब्येन पेन्देहो’. मेक्सिकन स्पॅनिश शिकलेला भाषांतरकार लिहितो, ‘तो पक्का मूर्ख आहे.’ वाक्य शुद्ध, प्रसंगात बसणारं, वेळेत मावणारं. आणि पेरूतल्या माणसाने नेमकं उलट म्हटलंय! पुढचे दोन भाग प्रेक्षकाला कळत नाही की या ‘मूर्खा’ला सगळे एवढे का बिचकतात. भर म्हणजे पेरूत हाच शब्द स्त्रीलिंगी करून बाईला लावला की तो तिच्या चारित्र्यावर जातो. पुरुषाला शाबासकी आणि बाईला कलंक, एका अक्षराच्या फरकाने. हे मला दर वेळी खुपतं, आणि ते मराठीत उतरवताना गाळू नये असं माझं ठाम मत आहे.

एक प्रसिद्ध प्रसंगही सांगते. मेक्सिकन दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोनचा ‘रोमा’ हा सिनेमा २०१८ साली आला. मेक्सिको सिटीतल्या लोकांची स्पॅनिश. स्पेनमध्ये तो नेटफ्लिक्सवर दाखवताना खाली स्पेनच्या स्पॅनिशमध्ये सबटायटल्स दिली होती. म्हणजे स्पॅनिश सिनेमाला स्पॅनिश सबटायटल्स, आणि त्यातही लोकांच्या तोंडचे शब्द बदललेले. ‘गान्सितो’ हा मेक्सिकोतला चॉकलेट लावलेला छोटा केक. खाली लिहिलं ‘गान्चितोस’, म्हणजे स्पेनमधला चीज-कुरकुऱ्यांसारखा खाऊ. क्वारोनने २०१९च्या सुरुवातीला जाहीर नापसंती व्यक्त केली, स्पेनच्या प्रेक्षकांचाच हा अपमान आहे असं त्याचं म्हणणं होतं, आणि ती सबटायटल्स काढण्यात आली. मला त्याची बाजू पूर्ण पटते. प्रेक्षकाला अनोळखी शब्द ऐकू द्यावा. तो प्रसंगावरून समजून घेतो.

---

दक्षिणवारा

उपशीर्षक यांच्या ‘क्विको’वरून. मी नोकरीनिमित्त सांतियागोत राहतो, कामासाठी पेरूतल्या लिमाला जाणं-येणं असतं. माझा अनुभव असा की ‘देशवार यादी’ हा सुद्धा फार ढोबळ हिशेब आहे.

‘ग्वाग्वा’च बघा. इक्वादोरमध्ये बाळाला ग्वाग्वा म्हणतात ते डोंगराळ भागात, कितोच्या बाजूला. खाली ग्वायाकिलच्या किनारपट्टीला तो त्यांचा शब्द नाही. आणि बसला ग्वाग्वा म्हणणारी कॅनरी बेटं तर स्पेनचीच आहेत. लास पाल्मासच्या शहर बससेवेचं नावच ‘ग्वाग्वास मुनिसिपालेस’ आहे. मग स्पेन एका बाजूला आणि लॅटिन अमेरिका दुसऱ्या बाजूला ही रेघ कुठे ओढणार? कोलंबियात ‘आर्रेचो’ सान्तान्देर प्रांतातला माणूस अभिमानाने म्हणेल, तिथे तो धाडसी, खमक्या. व्हेनेझुएलात तोच संतापलेला. पेरूत कामातुर. ‘एस्ता आर्रेचा’ हे वाक्य सरहद्दीगणिक किती बदलतं ते तुम्हीच बघा.

इथलं क्रियापद ‘काचार’ म्हणजे समजणं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘काचाय?’, कळलं ना? कार्यालयात, बसमध्ये, आजीबाईंच्या तोंडीसुद्धा. लिमामध्ये ते संभोगासाठीचं अश्लील क्रियापद आहे. चिलीचे लोक तिथे गेले की हे जपून टाळतात, आणि पेरूचे लोक चिलीत आले की हळूहळू कानाआड करायला शिकतात. शेजारी देश, विमानाने काही तासांचं अंतर.

‘पोया’ स्पेनमध्ये लिंगासाठीचा सगळ्यात सर्रास अश्लील शब्द. इथे चिलीत सरकारी लॉटरीचं अधिकृत नाव ‘पोया चिलेना दे बेनेफिसेन्सिया’, १९३४ पासून. दुकानाच्या काचेवर, तिकिटावर छापलेलं. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. इक्वादोरच्या विद्यार्थ्याला विचाराल तर पोया म्हणजे परीक्षेत कॉपीसाठी लपवून नेलेली चिठ्ठी.

आणि ‘वेओन’. मूळ ‘वेवोन’, मेक्सिकोत आळशी. चिलीत तो मित्र, तो मूर्ख, तो ‘कुणी एक माणूस’, तो नुसता श्वास घ्यायची जागा. कुठला अर्थ ते सुरावर ठरतं, आणि बोलणाऱ्यांचं नातं काय आहे त्यावर. माझ्या बॉसला त्याचे मित्र वेओन म्हणतात, मी म्हणत नाही. देशाबरोबर वय, वर्ग, नातं हेही वहीत लिहा.

---

पोथीवाला

चर्चा छान चाललीय. थोडी भर घालतो.

शब्दकोश हवा असेल तर स्पॅनिश भाषेच्या अकादमींच्या संघटनेने २०१० साली काढलेला ‘दिक्सियोनारियो दे आमेरिकानिस्मोस’ बघा. सुमारे ७०,००० नोंदी आणि १,२०,००० अर्थ आहेत, प्रत्येक अर्थापुढे देशांची संक्षिप्त नावं. आंतरजालावर मोफत आहे. एक लक्षात घ्या, त्यात फक्त अमेरिका खंडातले शब्द आणि अर्थ आहेत. स्पेनची बोली त्यात सापडणार नाही.

अर्थ का बदलतात, याची एकच एक वाट नाही. ‘ग्वाग्वा’ हे बदललेल्या अर्थाचं उदाहरण नव्हेच. ते दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगाने सारखे ऐकू येणारे. बाळाचा ग्वाग्वा आन्देसमधल्या केच्वा भाषेतल्या ‘वावा’वरून आला, बसच्या ग्वाग्वाचा त्याच्याशी संबंध नाही. स्पेनच्या बोलीत काम करणं याला ‘कुर्रार’ आणि मुलाला ‘चावाल’ म्हणतात ते कालोमधून, म्हणजे तिथल्या रोमा (जिप्सी) समाजाच्या भाषेतून आलं.

ब्वेनोस आयरेसचं प्रकरण तर स्वतंत्र धाग्याचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथे इटालियन स्थलांतरितांचे लोंढे आले आणि बंदराच्या वस्त्यांत लुन्फार्दो नावाची बोली तयार झाली. काम म्हणजे ‘लाबुरो’, थेट इटालियन ‘लावोरो’. त्यावर आणखी ‘वेस्रे’ हा प्रकार, शब्दाची अक्षरं उलटवायची: काफे (कॉफी) चं ‘फेका’, आमिगो (मित्र) चं ‘गोमिया’. खुद्द वेस्रे म्हणजे ‘रेवेस’, उलट, हाच शब्द उलटा केलेला! या बोलीचा अभ्यास करणारी अकादमी १९६२ पासून आहे.

शिवीचा धारदारपणा बोथट होत जाणं ही तिसरी वाट. आर्जेन्टिनाचा ‘बोलुदो’ मुळात अपमान, आज दोन मित्रांच्या बोलण्यात दर वाक्याला येतो. २०१३ साली स्पॅनिश भाषा परिषदेच्या निमित्ताने ‘एल पाईस’ वृत्तपत्राने देशोदेशीच्या लेखकांना आपापल्या देशाचा एक शब्द निवडायला सांगितलं, तेव्हा कवी हुआन हेल्मान यांनी आर्जेन्टिनासाठी बोलुदो निवडला. त्याआधी, २००४ मध्ये रोसारिओ शहरात भरलेल्या परिषदेत व्यंगचित्रकार-लेखक रोबेर्तो फोन्तानार्रोसा यांनी वाईट शब्दांवर भाषण केलं होतं. हे शब्द वाईट का, ते इतर शब्दांना मारतात का, असं विचारून त्यांनी बहुतेक शिव्यांना माफी द्यावी अशी मागणी केली. भाषण जरूर ऐका. ध्वनीवर त्यांनी जे सांगितलंय ते भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखं आहे: ‘पेलोतुदो’ या शिवीची सगळी ताकद तिच्यातल्या त अक्षरात आहे.

जाता जाता एक खरी आणि एक खोटी गोष्ट. मित्सुबिशीची पजेरो स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘मोन्तेरो’ नावाने विकली गेली, कारण ‘पाहेरो’ म्हणजे हस्तमैथुन करणारा. हे खरं. शेव्हरोले नोव्हा ‘नो वा’, म्हणजे चालत नाही, अशा अर्थामुळे खपली नाही, ही मात्र दंतकथा. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती गाडी विकली जात होती. भाषिकांना ‘नोवा’ आणि ‘नो वा’ वेगवेगळे ऐकू येतात, आघातच वेगळ्या जागी आहे.

---

कोरीपाटी

तिघांचेही मनापासून आभार. ‘दोन्ही अर्थ बसतात’ या कसोटीने आज वही चाळली तर निम्मे शब्द कमी झाले, आणि जे उरले ते खरंच रोजचे आहेत.

एकच अडचण राहते. तुम्ही बहुतेक वाचण्या-ऐकण्याबद्दल सांगितलं. मला उत्तर लिहायचंही असतं. ग्राहक लिहितो, ‘आओरिता ते मान्दो ला फोतो’, फोटो आओरिता पाठवतो. माझ्या पुस्तकात आओरा म्हणजे आता, आणि ‘इता’ लावलं की अगदी आत्ता. पण काही जणांचा फोटो दोन मिनिटांत येतो, काहींचा संध्याकाळी. मी चॅट उघडा ठेवायचा की बंद करायचा?

---

उपशीर्षक

आओरिता हा माझ्या मते या सगळ्या यादीतला सगळ्यात खर्चिक शब्द आहे, कारण त्यात अश्लील काहीच नाही. कुणालाही शंका येत नाही.

डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि पोर्तो रिकोमध्ये आओरिता म्हणजे नंतर, थोड्या वेळाने. तिथल्या ग्राहकाने म्हटलं तर चॅट बंद करा, तो परत येईल. मेक्सिकोत ते ‘आत्ता या क्षणी’पासून ‘बघू कधीतरी’पर्यंत कुठेही असू शकतं, आणि कधीकधी तो सभ्य नकार असतो. समोरासमोर असाल तर सुरावरून कळतं. लेखी चॅटमध्ये तो सुरच नाही. म्हणून अर्थाचा अंदाज बांधत बसू नका, वेळ विचारा. ‘आज पाच वाजायच्या आत पाठवाल का?’ असं सरळ वाक्य कुठल्याही देशात एकाच अर्थाने वाचलं जातं. तुम्हाला स्वतःला ‘लगेच’ म्हणायचं असेल तर ‘एन्सेगीदा’ लिहा.

लिहिताना माझा नियम कडक आहे: समजायची दहा ठिकाणची, वापरायची शून्य ठिकाणची. पैशाला ‘दिनेरो’, बसला ‘आउतोबुस’, घेण्याला ‘तोमार’. ग्राहकाने ‘पिस्तो’ लिहिलं तरी उत्तरात ‘दिनेरो’च. त्याचा शब्द उचलून जवळीक साधायचा मोह होतो, तो आवरा. पैशांच्या अडचणीत असलेल्या माणसाला अनोळखी कंपनीने त्याच्याच घरगुती शब्दात उत्तर दिलं तर ते थट्टेसारखं वाटू शकतं.

कामाबाहेर मात्र एक शहर निवडा. देश नव्हे, शहर. तिथला रेडिओ ऐका, तिथल्या फुटबॉल सामन्याचं समालोचन ऐका, तिथल्या लोकांशी बोला, वर्षभर. मी कोलंबियातलं बोगोता निवडलं, कारण तिथल्या लोकांचं ‘उस्तेद’ मला फार आवडतं. जिवलग मित्रालाही आदरार्थी बोलतात आणि त्यात दुरावा नसतो. एका जागेची बोली अंगात मुरली की दुसरीकडचा शब्द वेगळा वापरला जातोय हे कानाला आपोआप खटकायला लागतं. याद्यांनी ते होत नाही.

---

दक्षिणवारा

‘समजायची दहा ठिकाणची, वापरायची शून्य’ याला एक अपवाद सुचवतो. समोरचा स्वतःहून शिकवत असेल तर वापरा. इथे मला शेजारच्या आजोबांनी ‘ताको’ शिकवला: चिलीत ताको म्हणजे रस्त्यावरची वाहतूक कोंडी, आणि बुटाची टाचसुद्धा. मेक्सिकोचा खायचा ताको आणि स्पेनचा ताको म्हणजे शिवी, हे त्यांना ठाऊक होतं आणि तिन्हीवर ते तासभर बोलले. लोकांना आपला शब्द समजावून सांगायला आवडतं. कोरीपाटी, चॅटवर वेळ असेल तेव्हा ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ एवढं विचारून बघा.

---

कोरीपाटी

विचारलं! होंदुरासच्या एका ताईंना. मी ‘चेला’चा अर्थ बिअर असा लिहून ठेवला होता, मेक्सिको आणि पेरूचा. त्या म्हणाल्या, आमच्याकडे चेला म्हणजे गोऱ्या वर्णाची बाई, त्यांच्या धाकट्या बहिणीला सगळे त्याच नावाने हाक मारतात. ‘व्येने ला चेला’, म्हणजे चेला येतेय, दोन्ही अर्थ बसतात. वहीत गेला.